रागाच्या वेळी मोठं मन: गोव्यातल्या नवशिक्यांसाठी काही पायऱ्या

ज्यांना स्वतःचाच राग आता जड होऊ लागलाय आणि सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. देवावर श्रद्धा असेल तर यातल्या काही वाटा तुम्हाला घरच्याच वाटतील. श्रद्धा नसेल तरी अडत नाही, दुसरी वाट जोडीला सांगितली आहे आणि तीही तिथेच पोचवते.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने बोलून घेऊ. राग बहुतेक वेळा खोटा नसतो. फेरीबोटीच्या रांगेत कुणी खरोखरच घुसलेलं असतं. शेजाऱ्याने गडगा खरोखरच हातभर अलीकडे सरकवलेला असतो. एका सहीसाठी भावाने खरोखरच वर्षभर झुलवलेलं असतं. म्हणून राग आला याची लाज बाळगू नका, आणि सौम्य व्हायचं म्हणजे हक्कावर पाणी सोडायचं असंही समजू नका. मागणी जशीच्या तशी ठेवायची, तिच्यासोबत समोरच्याला जो घाव जातो तेवढा काढून टाकायचा. पुढचं सगळं एवढ्यासाठीच आहे.

गोव्यात याची गरज मला जास्त वाटते. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या राज्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. एवढ्याशा मुलखात अनोळखी माणूस फार काळ अनोळखी राहत नाही. आज म्हापशाच्या बाजारात ज्याच्याशी हमरीतुमरी झाली, तो पुढच्या महिन्यात फोंड्याच्या एखाद्या लग्नात पंगतीला शेजारी बसलेला असतो आणि तुमच्या वहिनीचा मावसभाऊ निघतो. इथे भांडण संपवून निघून जाता येत नाही, त्याच्याबरोबर राहावं लागतं.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त नोंद

पहिल्या आठवड्यात राग आवरायचा प्रयत्नही करू नका. एक छोटी वही घ्या किंवा फोनमध्ये लिहा. राग आला की नंतर दोनच गोष्टी वेगवेगळ्या मांडा: काय घडलं, आणि मला काय वाटलं. ‘रायबंदरला फेरीच्या रांगेत एक गाडी माझ्यापुढे आली’ हे घडलं. ‘त्याला माज आहे, मला तो कस्पटासमान समजतो’ हे वाटलं. या दोन वाक्यांत केवढं अंतर आहे, ते कागदावर आल्याशिवाय दिसत नाही.

सोबत वेळ, जागा, पोटात काही होतं का आणि आदल्या रात्री झोप किती झाली, हेही लिहा. मे महिन्यात, पाऊस तोंडावर आलेला, अंग घामाने चिकट, वीज गेलेली आणि दुपारचे दोन वाजलेले असताना माणूस ज्या गोष्टीवर उखडतो, ती डिसेंबरच्या सकाळी त्याला दिसतही नाही. उकाड्याने चिडचिड वाढते हे अभ्यासांतूनही पुढे आलेलं आहे. आठवड्याच्या शेवटी वही चाळलीत की आपल्या रागाच्या ठरलेल्या वेळा आणि ठरलेली माणसं समोर येतात. त्या वेळी महत्त्वाचं बोलणं ठेवू नका. एवढ्याने निम्मी भांडणं टळतील असं मी म्हणणार नाही, पण काही नक्की टळतील.

दुसरी पायरी: आधी शरीर खाली आणा

रागात छाती धडधडते, जबडा आवळतो, श्वास वरवर चालतो. या अवस्थेत शहाणपणाचे शब्द आठवत नाहीत, कारण शरीर मारामारीच्या तयारीत असतं. म्हणून विचार बदलायच्या आधी शरीर शांत करायचं.

इथे एक मोठा गैरसमज आहे. ‘मनात ठेवू नये, एकदा ओकून टाकलं की मोकळं वाटतं’ असं आपण सर्रास ऐकतो. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चिडवलेल्या माणसांना पंचिंग बॅग ठोकायला दिली होती. ज्याने चिडवलं त्याचा विचार करत ज्यांनी ठोसे मारले, त्यांचा राग काहीच न केलेल्यांपेक्षा जास्त निघाला. पुढे २०२४ मध्ये सोफी क्यारविक आणि बुशमन यांनी १५४ अभ्यास एकत्र तपासले, त्यांत १० हजारांहून अधिक माणसं होती. निष्कर्ष तोच आला: दीर्घ श्वसन, ध्यान, योग, शिथिलीकरण अशा शरीर निववणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो. शरीर तापवणाऱ्या गोष्टींनी उतरत नाही, आणि धावण्याने तर तो वाढण्याकडेच कल दिसला. धावणं हृदयाला चांगलंच आहे. फक्त राग घालवायला म्हणून धावू नका.

तर करायचं हे. बसा. चार मोजत श्वास आत घ्या आणि सहा-सात मोजत सोडा. सोडणं लांब ठेवा, कारण त्यानेच हृदयाची गती उतरते. तोंडावर गार पाणी मारा. दहा-पंधरा मिनिटं द्या. मुसलमान शेजाऱ्यांकडे हे धर्माच्या शिकवणीतच आहे: उभ्याने राग आला तर बसावं, तरीही गेला नाही तर आडवं व्हावं. रमजानात कुणी भांडण उकरायला आलं, तर ‘माझा रोजा आहे’ एवढंच म्हणून बाजूला व्हावं, असंही सांगितलेलं आहे. हे वाक्य मला फार आवडतं. त्यात समोरच्यावर एकही आरोप नाही.

तोंडाने ओकणंही पंचिंग बॅगच्याच जातीचं. एकच किस्सा बहिणीला, मग मैत्रिणीला, मग ऑफिसात सांगत राहिलं की प्रत्येक वेळी तो नव्याने तापतो. एका विश्वासाच्या माणसाला एकदा सांगा, आणि सांगताना ‘आता मी काय करू?’ हे विचारा.

तिसरी पायरी: मध्ये एक रात्र घाला

आपल्या देवळांत कौल लावायची रीत आहे. घर बांधायचं, लग्न ठरवायचं, जमिनीचा वाद न्यायचा की नाही, असा प्रश्न घेऊन माणूस आंघोळ करून देवळात जातो. पुजारी मूर्तीला पाकळ्या लावतो, प्रश्न देवापुढे मांडला जातो आणि उजवी-डावी कुठली पाकळी पडते त्यावरून उत्तर समजतात. देव बोलतो की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. मला यात दिसतं ते असं की रागावलेल्या माणसाला थांबावं लागतं, घराबाहेर पडून चालावं लागतं, आपली तक्रार दुसऱ्याच्या कानावर पडेल अशा मोजक्या शब्दांत सांगावी लागते. मनात जे फर्मास वाटत होतं, ते देवळाच्या चौकात उच्चारताना जीभ आपोआप सावरते. गाऱ्हाणं घालतानाही तसंच. तिथे शेजाऱ्याचं वाटोळं कर असं मोठ्याने म्हणवत नाही, माझ्या लेकराबाळांचं भलं कर असंच म्हणवतं.

श्रद्धा असेल तर हे जरूर करा. नसेल तर कागद घ्या आणि तक्रार एका वाक्यात लिहा. एका वाक्यात बसत नसेल, तर नेमकं काय हवंय ते अजून तुमचं तुम्हालाच उमगलेलं नाही. तो कागद रात्रभर तसाच राहू द्या आणि सकाळी चहानंतर वाचा.

वाड्याच्या किंवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा नियम दुप्पट पाळा. विशेषतः व्हॉइस मेसेज रागात कधीही पाठवू नका. शब्द पुसता येतात, पण चढलेला आवाज दहा फोनांत साठून राहतो आणि पुढच्या चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, फिरतो.

चौथी पायरी: समोरच्यासाठी तीन कारणं शोधा

आपण उशिरा पोचलो तर कारण ट्रॅफिक असतं, दुसरा उशिरा आला तर तो बेजबाबदार असतो. माणसाच्या या सवयीला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये नाव दिलं आणि त्यावर पुढे खूप काम झालं. तिच्यावरचा उपाय साधा आहे. समोरचा असं का वागला याची तीन कारणं शोधायची, आणि त्यातली निदान दोन त्याच्या बाजूची हवीत.

सराव रस्त्यावर करा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी म्हणजे भाड्याची, स्वतः चालवायला घेतलेली. आत बसलेल्याला आपल्या वाड्यातला आंधळं वळण माहीत नाही, पुढे रस्ता इतका अरुंद होईल याची कल्पना नाही, आणि फोनवरची बाई त्याला उजवीकडे वळायला सांगतेय. वर्षभर पैसे साठवून तो पोरांना समुद्र दाखवायला आलेला असू शकतो. त्याला काच खाली करून ‘दादा, हा रस्ता पुढे बंद आहे, इथून मागे घ्या’ असं सांगायला लागतो तेवढाच वेळ शिवी द्यायलाही लागतो. तो दारू पिऊन सुसाट चालवत असेल, तर मात्र कारणं शोधत बसू नका, ११२ ला फोन करा.

जूनच्या पावसात वीज गेली की वीज खात्याच्या माणसाला फोन लावून आपण कडाडतो. त्या क्षणी तो बहुधा दुसऱ्या गावात, वाऱ्यात, खांबावर असतो. हे एवढं आठवलं तरी पुरे.

पाचवी पायरी: बोला, पण हे असं

गप्प बसणं म्हणजे सौम्यपणा नव्हे. गिळलेला राग वर्षानुवर्षं राहतो आणि मग बारशाच्या जेवणात, भलत्याच विषयावरून बाहेर पडतो. म्हणून शांत झालात की बोला.

शेजाऱ्याच्या माडाचे नारळ तुमच्या कौलांवर पडतात असं धरू. रस्त्यात, त्याच्या मुलांसमोर किंवा पंचायतीच्या सभेत हा विषय काढू नका. त्याच्या घरी जा, सोप्यावर बसा, दिलेलं पाणी प्या. मग म्हणा: ‘दादा, तुमच्या माडाचे नारळ आमच्या कौलांवर पडतात. दोन कौलं फुटली, खाली पोरं खेळतात म्हणून भीती वाटते. नारळ पाडणाऱ्या पाडेल्याला पावसाआधी बोलवाल का? तो आला की मी माझ्या माणसांना मदतीला पाठवतो.’ यात काय घडलं ते आहे, कशाची भीती आहे ते आहे, काय हवं आणि कधीपर्यंत तेही आहे. ‘तुम्ही नेहमीच असं करता’ आणि ‘तुमच्या बापानेही हेच केलं’ ही दोन वाक्यं तेवढी नाहीत. शेजारी ख्रिस्ती असतील तर हेच कोंकणीत, ‘अंकल’ किंवा ‘आंटी’ म्हणून बोला. उठताना आभाराचं ‘देव बरें करूं’ म्हणालात की कुठल्याही घरात ते पोचतं.

त्याने नाही म्हटलं तर? तर पंधरा दिवसांनी पुन्हा जा. मग पंचायतीत लेखी अर्ज द्या, आणि तो देणार आहात हे त्याला आधी सांगा. अर्ज देणं म्हणजे वैर धरणं नव्हे. अर्ज दिल्यावरही वाटेत भेटला तर विचारपूस करता येते, आणि करावीच.

भाषेचा वादही इथेच बसतो, कारण गोव्यात मराठी माणसाला तो टाळता येत नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापराची तरतूद ठेवली. त्याआधीच्या आंदोलनाच्या आठवणी दोन्हीकडच्या घरांत अजून ताज्या आहेत. समोरच्याने विषय काढला, तर अख्ख्या चळवळीचा जाब त्या एका माणसाला विचारू नका. त्याच्या घरी कुठली भाषा बोलतात, शाळेत तो काय शिकला, आजी कुठल्या भाषेत गोष्टी सांगायची, हे विचारा. आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी आरत्या मराठीत आणि कालवणाची चर्चा कोंकणीत चालते. मराठीबद्दल मला जे वाटतं ते मी ठामपणे सांगते, पण कोंकणीवर प्रेम करणाऱ्याला खोटं ठरवून नाही.

सहावी पायरी: मूळ घर, वाटणी आणि चवथ

सगळ्यांत कठीण राग घरातलाच. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा चालतो. वारसा आणि इन्व्हेंटरी (मालमत्तेची यादी करून वाटणी) यांसाठी आता २०१२ चा कायदा आहे. मुलगा असो वा मुलगी, वाटा सारखा, आणि आईबापांना मृत्युपत्राने मुलांना सगळ्यातून बाहेर काढता येत नाही. मालमत्ता विकायची तर नवरा-बायको दोघांची संमती लागते. हा कायदा न्याय्य आहे असं मला मनापासून वाटतं. पण त्याचाच परिणाम म्हणून एका जुन्या घरावर वीस-पंचवीस जणांचे हक्क येतात, कुणी मुंबईत, कुणी लिस्बनमध्ये, कुणी आखातात, आणि एका सहीवाचून सगळं अडतं. गळकं छप्पर ज्याच्या डोक्यावर आहे, त्याला वाटतं बाकीचे मजेत आहेत. दूर गेलेल्यांना वाटतं, तो फुकटात राहतोय. दोघांच्याही म्हणण्यात थोडं खरं असतं.

आणि मग चतुर्थीला हे सगळे एकाच गणपतीपुढे येतात.

चवथीच्या दिवसांत वाटणीचा विषय काढायचा नाही, हे आधीच सगळ्यांना कळवा. त्याऐवजी वेगळी तारीख ठरवा, शक्यतो देवळाच्या सभागृहात किंवा वकिलाकडे, जिथे जुन्या फोटोंखाली बसावं लागत नाही. तारीख ठरलेली असली की ‘आत्ताच बोलून टाकू’ ही घाई कमी होते. छपरावर कुणी किती खर्च केला त्याचा कागद आधी सगळ्यांना पाठवा, म्हणजे बैठकीत आकड्यांवरून आवाज चढत नाही.

ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याला चवथीत उपदेश करू नका, काम द्या. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, बांधायला वर चढणारा एक आणि खालून सामान देणारा एक, असे दोघे लागतातच. सुपारीचे घोस, आंबाडे, चिबूड, रानातली फळं एकेक करून वर द्यायची म्हणजे ‘हे धर’, ‘जरा डावीकडे’, ‘दोरी घट्ट कर’ एवढं तरी बोलावं लागतं. दोन वर्षांच्या अबोल्यानंतर ‘दोरी घट्ट कर’ हेही पुष्कळ आहे. लगेच त्याला गळ्यात पडायला लावू नका. ख्रिस्ती वाड्यांत सायबीण, म्हणजे मेरीमातेची मूर्ती, एका घरातून शेजारच्या घरी नेतात, तेव्हा अबोला असलेली दोन घरंही एका दारात येतात. तिथेही कुणी भाषण करत नाही, मूर्ती हातात देतात.

माफ करण्याविषयी

माफ करणं आणि पुन्हा जवळ घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली एकट्याने करता येते. दुसरीला समोरचा बदलावा लागतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन यांनी माफीची एक पद्धत बसवली आहे. ते स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती, पण पद्धत कुणालाही वापरता येते. घाव शांतपणे आठवायचा, समोरच्याच्या जागेवरून पाहायचं, आपल्याला कधीतरी कुणी माफ केलं होतं ते आठवून तशी माफी द्यायची, ती कुठेतरी लिहून ठेवायची, आणि राग परत उसळला की ते लिहिलेलं पाहायचं. १९९६ च्या सुरुवातीला वर्दिंग्टन यांच्या आईचा घरफोडीत खून झाला, तेव्हा त्यांना ही पद्धत स्वतःवर वापरावी लागली. पुढे तिच्यावर आधारलेली एक कार्यपुस्तिका पाच देशांतल्या साडेचार हजारांवर माणसांबरोबर तपासली गेली. ती पूर्ण करणाऱ्यांत माफ करण्याची तयारी वाढली, चिंता आणि नैराश्य कमी झालं. पुस्तिका काही तासांची आहे, पण मोठ्या घावाला तेवढ्यात पुरेल असं समजू नका.

जिथे हे लागू करू नये

घरात मारहाण होत असेल, तर वरची एकही पायरी चढत बसू नका. ११२ किंवा महिलांसाठी १८१ ला फोन करा. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आपल्याच रागाची आपल्याला भीती वाटत असेल, हात उगारला जात असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या (मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या) क्रमांकावर बोला, किंवा बांबोळीच्या मनोरुग्ण संस्थेत जा. तिथे जाण्यात कमीपणा नाही.

आणखी एक. सौम्यपणाचा उपदेश नेहमी खालच्यालाच का होतो, हे जरा पाहत चला. भाटकाराने (जमीनमालकाने) मुंडकाराला, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याला, ‘रागावू नकोस, समजून घे’ म्हणणं सोपं होतं. त्या मुंडकाराला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण मिळालं ते १९७५ च्या कायद्याने, आणि त्यासाठी लोकांना आवाज चढवावा लागला. दुबळ्याचा राग ऐकून घ्यायचा असतो. मोठं मन आधी ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने दाखवावं: मालकाने, सासूने, साहेबाने, बापाने.

तोल गेलाच तर

जाईल. सगळ्यांचा जातो. मग माफी मागा, आणि ज्यांच्यासमोर ओरडलात त्यांच्यासमोरच मागा. काय केलं ते नेमकं सांगा. ‘पण’ जोडू नका. दुकानदाराची, कामाला येणाऱ्या बाईची, स्वतःच्या मुलाची माफी मागायची आपल्याकडे सवय नसते, म्हणून सुरुवात तिथूनच करा. मुलाला म्हणा: ‘दूध सांडलं ते तुझ्याकडून चुकून झालं. मी एवढ्या मोठ्याने ओरडायला नको होतं. चल, आता दोघं मिळून फरशी पुसू.’ पुसून झाली की विषय तिथेच सोडा, आणि संध्याकाळी आजीला दिवसभराचं सांगताना तो पुन्हा काढू नका.